दुसऱ्या टोकाचा माणूस : ऑलिव्हर हेविसाइड

आधी एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलायचे, पण लिहायची सवय दहावीच्या पेपरनंतर सुटली ती सुटलीच. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी चक्क पळ काढणार होते. पण मागच्या मे महिन्यात इनप्लांट ट्रेनिंगला एक प्रसंग घडला आणि त्यातून एका माणसाची ओळख झाली. ती ओळख तुम्हाला करून द्यावी असं फार वाटलं. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि वाचा.

ट्रेनिंगच्या कंपनीत जुनं ईपीएबीएक्स होतं. ईपीएबीएक्स म्हणजे ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज. दुसऱ्या शहरातल्या शाखेशी बोलण्यासाठी कंपनीने व्हॉइस गेटवे घेतला. गेटवे आवाजाची डिजिटल पॅकेट्स करून नेटवर्कवरून पाठवतो. पण जुन्या ईपीएबीएक्सला पॅकेट्स कळत नाहीत, त्याला दोन तारांची अ‍ॅनालॉग ट्रंक लाइन कळते. म्हणून गेटवेचा एफएक्सएस पोर्ट त्याच्या ट्रंक कार्डाला जोडला. हा पोर्ट एक्स्चेंजचं सोंग घेतो. लाइनला व्होल्टेज देतो, डायल टोन देतो, रिंग देतो. ईपीएबीएक्सला वाटतं, बाहेरची नेहमीचीच लाइन आली.

फोन लागले, पण शाखेतल्या लोकांची तक्रार सुरू झाली. ते जे बोलत ते क्षणभराने त्यांच्याच कानात परत येई. इकडच्या लोकांना मात्र काहीच त्रास नव्हता. तक्रार शाखेची म्हणजे बिघाडही शाखेतच, असं धरून तिथले फोन बदलले, केबल बदलली, राउटर तपासला. दोन दिवस गेले. ईपीएबीएक्सची देखभाल करणारे एक काका होते. दहावीनंतर कामाला लागलेले, सगळं आयुष्य टेलिफोनच्या तारांत गेलेलं. ते म्हणाले की ज्याला इको ऐकू येतो त्याच्या बाजूला दोष नसतो, दुसऱ्या टोकाला असतो, तेव्हा इथलं ट्रंक बघा. साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आणि मी? मी हसले. काकांना पॅकेट्समधलं काय कळतंय, असं मनात आलं माझ्या.

पुढे काय झालं ते शेवटी सांगते. कॉलेज सुरू झाल्यावर ही गोष्ट आमच्या सरांना सांगितली, तेव्हा त्यांनी विचारलं की इम्पिडन्स हा शब्द पहिल्यांदा कोणी वापरला. मला सांगता आलं नाही. सर म्हणाले, लायब्ररीत जा आणि शोध. शोधलं, आणि सापडला ऑलिव्हर हेविसाइड.

ऑलिव्हरचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅम्डन टाउन भागात झाला. वडील थॉमस लाकडावर चित्रं कोरण्याचं काम करत. चार मुलगे, त्यात हा धाकटा. पैशांची कायम ओढाताण. लहानपणी त्याला स्कार्लेट फीव्हर झाला आणि त्यात त्याच्या कानांना कमी ऐकू यायला लागलं. बरोबरीच्या मुलांत मिसळणं कमी झालं, एकटेपणाची सवय लागली. विचार करा, ज्याने पुढे जगाला टेलिफोनचा आवाज स्वच्छ कसा करायचा ते सांगितलं, त्यालाच नीट ऐकू येत नव्हतं.

शाळेत विज्ञानात तो हुशार होता, पण भूमितीची प्रमेयं पाठ करणं त्याला अजिबात आवडत नसे. सोळाव्या वर्षी शाळा संपली आणि पुढे तो कुठल्याच कॉलेजात गेला नाही. त्याच्या आईच्या बहिणीचे यजमान होते सर चार्ल्स व्हीटस्टोन. होय, आपल्या लॅबमधल्या व्हीटस्टोन ब्रिजवाले तेच. (तो ब्रिज मुळात १८३३ मध्ये सॅम्युएल ख्रिस्टीने शोधला होता. नाव मात्र व्हीटस्टोनचं झालं. हे लक्षात ठेवा, अशी गोष्ट पुढे परत येणार आहे.) या काकांमुळे घरात तारायंत्राचं वातावरण होतं. दोन वर्षं ऑलिव्हरने घरी बसून अभ्यास केला आणि १८६८ मध्ये डेन्मार्कला फ्रेडरिसिया इथे टेलिग्राफ ऑपरेटर म्हणून तो रुजू झाला. इंग्लंड आणि डेन्मार्क यांच्यामध्ये समुद्राखालून केबल टाकलेली होती, तिच्यावरचं काम. काही काळाने त्याची बदली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला झाली.

आयुष्यातली पगारी नोकरी त्याने एवढीच केली, जेमतेम सहा वर्षं. पण बिघाड शोधण्याचं शिक्षण त्याला इथेच मिळालं. समुद्राच्या तळाशी केबल तुटली की वर काढून बघता येत नाही. किनाऱ्यावरच्या टोकाला बसून रेझिस्टन्स मोजायचा आणि गणिताने ठरवायचं की दोष किती मैलांवर आहे. मग जहाज तिथे जाऊन केबल उचलणार. म्हणजे आपल्या हातात फक्त एक टोक, आणि न दिसणाऱ्या ठिकाणाबद्दल बोलायचं. हेविसाइडचं पुढचं सगळं काम मला याच सवयीतून आल्यासारखं वाटतं.

या केबलवर ऑपरेटर लोकांना एक गंमत दिसे. एका दिशेने संदेश भराभर जात, उलट दिशेने मात्र हळू पाठवावे लागत. केबल तीच, तार तीच, मग असं का? हेविसाइडने त्याचं गणित केलं. समुद्रातली केबल दोन्ही दिशांना सारखीच होती, पण दोन्ही किनाऱ्यांवर तिला जोडलेल्या जमिनीवरच्या तारा सारख्या नव्हत्या. म्हणजे टोकाला काय जोडलं आहे यावर मधल्या केबलचं वागणं अवलंबून असतं. हा लेख त्याने १८७७ मध्ये छापला.

त्याआधी १८७३ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्याने व्हीटस्टोन ब्रिजची सगळ्यात चांगली मांडणी कोणती यावर लेख लिहिला होता. तो फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला आणि विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) आणि मॅक्सवेल या दोघांच्याही नजरेत भरला. मॅक्सवेलने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचा उल्लेख केला. टेलिग्राफ ऑफिसातल्या पोराला याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं मिळणार!

त्याच वर्षी मॅक्सवेलचा वीज आणि चुंबकत्वावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हेविसाइडने तो पाहिला आणि तो हादरलाच. त्याला त्यातलं काहीच कळत नव्हतं, कारण शाळेतलं बीजगणित आणि त्रिकोणमितीसुद्धा तो बरीचशी विसरला होता. पण हे समजून घ्यायचंच असं त्याने ठरवलं. १८७४ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याने नोकरी सोडली आणि लंडनला आईवडिलांच्या घरी येऊन एका खोलीत अभ्यासाला बसला. आपल्याकडे असं कोणी केलं तर घरात काय होईल, डोळ्यांसमोर आणा! त्याच्या घरच्यांनी मात्र त्याला सांभाळलं. भाऊ आर्थर पोस्ट ऑफिसच्या टेलिग्राफ खात्यात इंजिनिअर होता, तोही मदत करत असे.

मॅक्सवेल १८७९ मध्ये वारला. त्याच्या मूळ मांडणीत वीस समीकरणं होती आणि वीस अज्ञात राशी. हेविसाइडने वेक्टरची भाषा वापरून १८८४-८५ च्या सुमारास त्यांची चार समीकरणं केली. आपण सेकंड इयरला मॅक्सवेलची समीकरणं म्हणून जी चार घोकतो, ती या रूपात हेविसाइडची आहेत. १८८० मध्ये त्याने कोअ‍ॅक्शियल केबलचं पेटंटसुद्धा घेतलं होतं. टीव्हीला जाणारी जाड काळी वायर आठवा. आणि इंडक्टन्स, कंडक्टन्स, इम्पिडन्स, अ‍ॅडमिटन्स हे शब्दही त्याचेच. इम्पिडन्स १८८६ चा. आपलं निम्मं सिलॅबस या एका माणसाच्या शब्दकोशातून आलं आहे म्हणा ना.

आता टेलिफोनकडे येऊ. केल्व्हिनने १८५५ मध्ये केबलचं गणित केलं तेव्हा त्याने रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स एवढंच धरलं. हळू चालणाऱ्या टेलिग्राफला ते पुरत होतं. हेविसाइडने १८७६ मध्ये त्यात इंडक्टन्स घातला. टेलिफोन आल्यावर या गोष्टीला महत्त्व आलं. आपल्या आवाजात कमी आणि जास्त फ्रीक्वेन्सी एकत्र असतात. लांब तारेवर जास्त फ्रीक्वेन्सी लवकर मरतात आणि त्यांचा वेगही वेगळा असतो, म्हणून दुसऱ्या टोकाला शब्द फासल्यासारखे ऐकू येतात. नुसता आवाज मोठा करून हे जात नाही.

भाऊ आर्थर न्यूकॅसलला टेलिफोनचे प्रयोग करत होता. एकाच लाइनवर बरेच फोन एकामागून एक ओळीने जोडण्याऐवजी तो ते दोन तारांच्या मध्ये आडवे जोडत असे. या पद्धतीचं गणित करताना १८८७ मध्ये हेविसाइडला एक अट सापडली. रेझिस्टन्स भागिले इंडक्टन्स हे जर लीकेज भागिले कपॅसिटन्स याच्याइतकं असेल, तर सगळ्या फ्रीक्वेन्सी सारख्याच क्षीण होतात आणि सारख्याच वेगाने जातात. आवाज लहान होईल, पण बिघडणार नाही. चांगल्या इन्शुलेशनच्या तारेत लीकेज फारच थोडं असतं, म्हणून अटीजवळ जायचा सोपा उपाय म्हणजे तारेचा इंडक्टन्स वाढवायचा.

इथेच घोडं अडलं. पोस्ट ऑफिसचा प्रमुख इलेक्ट्रिशियन होता विल्यम प्रीस. त्या काळी इंग्लंडमधलं तारखातं म्हणजे प्रीस. त्याने जाहीरपणे सांगितलं होतं की इंडक्टन्स हा टेलिफोनचा शत्रू आहे. आणि आता बिनडिग्रीचा, बिननोकरीचा एक माणूस म्हणत होता की शत्रू नाही, औषध आहे. भावाभावांनी मिळून लिहिलेला लेख छापायला आर्थरला वरिष्ठांची परवानगी लागत होती, कारण तो खात्याचा नोकर. प्रीसने ऑलिव्हरचा भाग अडवला आणि लेख बाहेर आलाच नाही. तरी द इलेक्ट्रिशियन या साप्ताहिकात हेविसाइडची लेखमाला चालू होती. संपादक बिग्ज त्याच्या बाजूचा होता. १८८७ मध्येच बिग्जचं संपादकपद गेलं आणि नव्या संपादकाने लेखमाला बंद केली. कारण दिलं की हे कोणी वाचत नाही.

प्रीस अगदीच वाईट माणूस होता असं नाही. पुढे मार्कोनी इंग्लंडला आला तेव्हा त्याला मदत करणारा हाच प्रीस. पण गणित त्याला जमत नव्हतं आणि न जमणाऱ्या गोष्टीला तो निरुपयोगी समजत असे. आणि हेविसाइडही काही कमी नव्हता. त्याचं लिखाण भयंकर अवघड, मधल्या पायऱ्या गाळलेल्या, आणि प्रीसची टिंगल मात्र सढळ हाताने. तो सभांना जात नसे, भेटत नसे, समजावून सांगत नसे. मला वाटतं त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते दुसऱ्या टोकापर्यंत पोचवायची लाइन त्याने स्वतःच अर्धी तोडून ठेवली होती.

१८८८ मध्ये जर्मनीत हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवल्या आणि वारं फिरलं. जानेवारी १८८९ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेच्या अध्यक्षीय भाषणात केल्व्हिनने हेविसाइडच्या कामाचं जाहीर कौतुक केलं. १८९१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पण त्याचा मोठा उपाय कागदावरच होता. तारेत ठरावीक अंतरावर इंडक्टन्सच्या कॉइल्स घालाव्यात ही सूचना त्याने १८९३ मध्ये छापली. पेटंट घेतलं नाही. इंग्लंडमध्ये कोणी करून बघितलं नाही. अमेरिकेत मात्र कोलंबिया युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर मायकेल प्युपिन आणि एटी अँड टी कंपनीचा जॉर्ज कॅम्पबेल यांनी, कॉइल्स नक्की किती अंतरावर घालायच्या याचं गणित करून, लोडिंग कॉइल तयार केली. १९०० मध्ये पेटंट प्युपिनला मिळालं आणि कंपनीने ते विकत घेतलं. प्युपिन श्रीमंत झाला. ज्याने मूळ सांगितलं त्याला एक पैसाही मिळाला नाही. व्हीटस्टोन ब्रिजची गोष्ट आठवली ना? १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सुरू झाला, त्या लाइनवर नव्या व्हॅक्यूम ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरबरोबर याच कॉइल्स होत्या. (आणि गंमत म्हणजे पुढे डीएसएल ब्रॉडबँड आलं तेव्हा त्याला याच कॉइल्स अडचणीच्या ठरल्या आणि तारांमधून काढाव्या लागल्या.)

दुसरं भांडण गणितज्ञांशी झालं. सर्किटची डिफरन्शियल इक्वेशन्स सोडवायला हेविसाइडने स्वतःची ऑपरेटरची रीत काढली. उत्तरं बरोबर येत, पण रीत बरोबर का आहे याची सिद्धता तो देत नसे. १८९४ मध्ये रॉयल सोसायटीने त्याच्या लेखमालेचा तिसरा भाग छापायला नकार दिला. नंतरच्या गणितज्ञांनी त्याच कल्पनांना पाया घातला आणि आज आपण तेच काम लाप्लास ट्रान्सफॉर्मने करतो. युनिट स्टेप फंक्शनला हेविसाइडचंच नाव आहे. एम-थ्रीमध्ये ज्यांना केटी लागली आहे (मीही त्यात आहे) त्यांनी या माणसाला शिव्या घालाव्यात की हात जोडावेत हे ज्याचं त्याने ठरवावं.

१८८९ पासून हेविसाइड कुटुंब डेव्हनमधल्या पेंटन गावी राहत होतं. १८९४ मध्ये आई गेली, १८९६ मध्ये वडील. त्याच वर्षी मित्रांच्या खटपटीने त्याला सरकारकडून वर्षाला १२० पौंड पेन्शन मिळालं. लग्न केलंच नाही. उतारवयात टॉर्कीला राहत असताना गॅसचं बिल थकून गॅस तोडला जाई, अशी अवस्था होती. तब्येत ढासळत गेली, विक्षिप्तपणा वाढला, सहीपुढे तो इंग्रजीत किडा या अर्थाची अक्षरं पदवीसारखी लावू लागला. बिनडिग्रीच्या माणसाने डिग्रीवाल्यांची केलेली ही थट्टाच असावी.

पण डोकं शाबूत होतं. १९०२ मध्ये त्याने एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकासाठी लिहिलेल्या लेखात म्हटलं, की हवेत उंचावर वीज वाहू शकणारा थर असावा आणि त्यामुळेच रेडिओलहरी पृथ्वीच्या गोलाईभोवती वळत असाव्यात. अमेरिकेत केनेली यानेही त्याच वर्षी हेच सुचवलं. पुन्हा तेच बघा, जमिनीवर बसून न दिसणाऱ्या टोकाबद्दल बोलणं. डिसेंबर १९२४ मध्ये अ‍ॅपलटन आणि बार्नेट यांनी प्रयोगाने तो थर असल्याचं दाखवलं. अ‍ॅपलटनला १९४७ मध्ये नोबेल मिळालं. हेविसाइड ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, अवघ्या दोन महिन्यांनी, टॉर्कीला वारला. १९२२ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने आपलं पहिलंवहिलं फॅरडे मेडल त्याला दिलं होतं. पेंटनच्या दफनभूमीत आईवडिलांशेजारी त्याला पुरलं.

आता आमच्या इकोकडे. तिसऱ्या दिवशी दुसरं काहीच करायचं उरलं नाही, म्हणून साहेब काकांचं ऐकून इथल्या ट्रंकपाशी आले. गेटवेच्या पोर्टवर इम्पिडन्स ६०० ओहम ठेवलेला होता. ईपीएबीएक्सच्या कार्डाचं मॅन्युअल उघडलं तर त्यात कॉम्प्लेक्स इम्पिडन्स लिहिलेला. म्हणजे शाखेतून आलेला आवाज गेटवेतून दोन तारांवर उतरला, की पुढचा इम्पिडन्स जुळत नाही म्हणून त्याचा काही भाग परत फिरत होता, आणि नेटवर्कवरून ज्याने तो पाठवला त्याच्याच कानात जात होता. नुसत्या अ‍ॅनालॉग लाइनवर असा परतलेला आवाज इतक्या लवकर येतो की आपल्याच बोलण्यात मिसळून जातो. इथे पॅकेट्सचा उशीर मध्ये आला, म्हणून तो वेगळा ऐकू आला. गेटवेत इको कॅन्सलर होता, पण परत येणारा आवाजच फार मोठा असेल तर त्यालाही तो आवरत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं काकांनी बजावलं. आधी पोर्टचा इम्पिडन्स कार्डाशी जुळवला आणि टेस्ट कॉल केला. इको बराच कमी झाला. मग शाखेकडे जाणारी आवाजाची पातळी तीन डेसिबलने उतरवली. पुन्हा कॉल. शाखेतल्या मॅडमनी सांगितलं की गेला.

शेवटच्या दिवशी चहाच्या वेळी मी काकांना विचारलं की तुम्हाला हे कसं कळलं. ते म्हणाले की पूर्वी लांबच्या ट्रंक कॉलवर स्वतःचा आवाज परत आला की समोरच्या एक्स्चेंजला फोन करून तिकडची लाइन तपासायला सांगत. सूत्र त्यांना येत नव्हतं. मला येत होतं. रिफ्लेक्शन कोएफिशंट मी परीक्षेत लिहून आठपैकी सात मार्क मिळवले होते, आणि तरी दोन दिवस चुकीच्या शहरात बिघाड शोधण्यात मी सामील होते. हसल्याबद्दल मी त्यांची माफी मागितली. त्यांच्या तर लक्षातही नव्हतं.

हेविसाइडचं म्हणणं खरं आहे की खोटं, हे बघायला पोस्ट ऑफिसला काही मैल तार आणि थोड्या कॉइल्स लागल्या असत्या. ते न बघता कोण बोलतोय हे बघितलं गेलं. ज्युनिअर्सना एवढंच सांगेन, ट्रेनिंगला जाल तेव्हा मीटर आणि मॅन्युअल सोबत ठेवा, आणि तिथे कोणी काका काही सांगत असतील तर हसण्याआधी एक टेस्ट कॉल करून बघा.